कांद्याची सुट्टी

मॅडम,

विद्यापीठात मीच आणलेला एक ठराव दोन महिन्यांपूर्वी मीच थांबवला. तो मंजूर व्हायचाच होता, सगळे बाजूने होते, आणि मी उभी राहून म्हटलं की हा एवढ्यात मंजूर करू नका. नंतर चहाच्या टेबलाशी दोघातिघांनी विचारलं, काय झालं, वरून फोन आला का? मी नाही म्हटलं. पूर्ण कारण सांगायला बसले असते तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि तुम्हाला त्यांच्यातलं कुणीच ओळखत नाही. तुम्ही गेलात तेव्हा त्यांतले बरेचजण शाळेत असतील. म्हणून तुम्हालाच लिहायला घेतलं आहे.

मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवायला लागले तेवढं तुम्ही पाहिलंत, पुढचं नाही. आता मी विद्यापीठाकडे आहे, नाशिकलाच, आणि गेली दोन वर्षं एका समितीवर आहे. सगळी सरकारी विद्यापीठं नव्याने मांडायची चालली आहेत. विद्यापीठ समाजाच्या उपयोगी पडलं पाहिजे, ज्या भागात आहे त्या भागाच्या विकासाला त्याचा हात लागला पाहिजे, असं सगळीकडे बोललं जातं. मला ते पटतं. तुम्हालाही पटलं असतं. आपण वर्षानुवर्षं पोरांना पदव्या देत आलो आणि त्या पदवीचा त्यांच्या गावाशी काही संबंध आहे का हे कधी विचारलं नाही. समितीत प्राध्यापक आहेत, दोन प्राचार्य आहेत, कारखानदारांच्या बाजूचे एकजण आहेत, द्राक्षं परदेशी पाठवणारे एक मोठे बागायतदार आहेत. खेड्यातल्या कॉलेजांचं काम माझ्याकडे आलं, कारण कांद्याच्या वाफ्यात बसलेली त्या टेबलाभोवती मी एकटीच.

बाकीचे नवे अभ्यासक्रम सुचवत होते. शीतगृहाचा, प्रक्रिया उद्योगाचा, ड्रोनचा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, अभ्यासक्रम राहू द्या, आधी वेळापत्रक बघा. आपल्या जिल्ह्यात कांद्याची लागवड सुरू झाली की खेड्यातल्या कॉलेजांचे अर्धे बाक रिकामे पडतात. काढणीला पुन्हा तेच. द्राक्षाच्या छाटणीला पेठ-सुरगाण्याकडची पोरं आईबापांबरोबर बागांवर येतात. आपण त्यांना गैरहजर म्हणतो आणि परीक्षेच्या वेळी अडवतो. विद्यापीठ या भागासाठी असेल तर वेळापत्रक करण्याआधी त्याने या भागातलं शेत बघावं. मी हे बरं बोलले असणार, कारण बागायतदारांनी तिथल्या तिथे पाठिंबा दिला आणि अध्यक्ष म्हणाले, हे लिहून आणा.

मी लिहून आणलं. लागवडीचे, काढणीचे आणि छाटणीचे काही आठवडे, ज्या भागाला जे लागतील ते, कॉलेज बंद. बुडालेले तास आधी आणि नंतर भरून काढायचे. त्या काळात विद्यार्थी घरच्यांबरोबर शेतात जे काम करील ते प्रात्यक्षिक धरायचं, त्याला क्रेडिट द्यायचे, पालकांनी कामाबद्दल सही करायची. हजेरीची अट त्या कॉलेजांपुरती काढून टाकायची. शेताची लाज वाटायला नको, शेतातलं कामही शिक्षणच आहे, असा एक परिच्छेदही मी त्यात लिहिला होता. तो सगळ्यांना फार आवडला. पेपरातही त्याचं कौतुक आलं. एक वर्ष एका कॉलेजात करून बघू असं ठरलं, आणि कोणतं कॉलेज असं विचारलं तेव्हा मी आपलंच नाव सांगितलं. तुमचं आणि माझं.

तुम्ही तिथे अर्थशास्त्र शिकवायचात. नाशिकरोडहून सकाळच्या एसटीने यायचात, अंगात मरून रंगाचा स्वेटर, बाराही महिने पर्समधून डोकावणारी छत्री. हजेरी घेताना मान वर करायचा नाहीत. आवाजावरून माणूस ओळखायचात, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाला ओ द्यायची कुणाची हिंमत नव्हती. त्या थंडीत मी आठवडाभर लागवडीला राहिले होते. परत आले त्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलंत, मी ‘प्रेझेंट’ म्हटलं, आणि तुम्ही पेन खाली ठेवलंत.

‘कुठे होतीस?’

‘कांदे होते, मॅडम.’

‘ज्यांच्या घरी कांदे नाहीत त्यांनी हात वर करा.’

कुणीच हात वर केला नाही.

‘बघितलंस? हे कारण नाही. आजारी पडलीस तर घरी राहा, आणि तेही मला तोंड दाखवून जा.’

मागची मुलं हसली. मी हात बाकाखाली घेतले, कारण नखांत अजून चिखल होता. तुम्ही शहरातल्या, नवऱ्याला पगाराची नोकरी, तुम्हाला काय कळणार असं मला वाटलं होतं, आणि पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

चारपाच दिवसांनी तुम्ही आमच्या वस्तीवर आलात. विंचूरला उतरून कुणाच्या तरी गाडीवर बसून आला होतात, साडीचा काठ धुळीने माखलेला. माझे वडील, नाना, ओट्यावर रोपांच्या जुड्या बांधत होते. तुम्ही खाटेवर बसला आहात, आईने दिलेला चहा बशीत न ओतता कपाने पिता आहात, आणि मी दाराआड उभी राहून तुमचा राग राग करते आहे.

‘बाई, चार दिसांचा तर सवाल हाय,’ नाना म्हणतात. ‘माणसं मिळत नाय. घरचंच माणूस कामाला नाय आलं तर कसं व्हायचं?’

‘तुमची अडचण खरी आहे,’ तुम्ही म्हणता. ‘पण पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर विद्यापीठ परीक्षेला बसू देत नाही. अख्खं वर्ष जातं. माझ्या हातात असतं तर मी सोडलं असतं. वरचा नियम आहे.’

वरचं म्हटलं की नाना गप्प व्हायचे. तलाठी, बँक, कोर्ट, विद्यापीठ, सगळं त्यांच्या लेखी एकच होतं. तुम्ही गेल्यावर ते म्हणाले, ‘लय कडक बाई हाय,’ आणि थोड्या वेळाने, ‘जाय बाई उद्यापासून. नियमाशी कोण भांडत बसणार.’ पदवी होईपर्यंत हेच चाललं. लागवड आली की नाना एकदा माझ्याकडे बघायचे, मी हजेरीचं सांगायचे, ते मान हलवायचे. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या दोघी माझ्याबरोबर अकरावीला होत्या. त्या दुसऱ्या कॉलेजात गेल्या. तिथे घरी येणारं कुणी नव्हतं. त्यांचं शिक्षण कधी थांबलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एम.ए.च्या प्रवेशासाठी नाशिकला आले तेव्हा मी तुमच्याकडे एकलहऱ्याच्या कॉलनीत उतरले होते. तुमचे यजमान वीज केंद्रात, त्यांची दुपारची पाळी. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून उंच धुराडी दिसायची. तुमच्या पोळ्या कधी गोल व्हायच्या नाहीत, आणि तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. तुम्ही लाटत होतात, मी भाजत होते, आणि मधूनच तुम्ही मुलाखतीत विचारतील तसे प्रश्न मला विचारत होतात. मी धीर करून म्हटलं, ‘मॅडम, मी तेव्हा आले नसते कॉलेजला, तर खरंच परीक्षेला बसू दिलं नसतं?’ तुम्ही म्हणालात, ‘तवा तापलाय, ती टाक आधी.’ दुसऱ्या दिवशी निघताना तुम्ही तो मरून स्वेटर माझ्या पिशवीत कोंबलात. होस्टेलच्या खोल्या फार गार असतात म्हणालात. तो पहिल्याच वर्षी दोरीवरून कुणीतरी नेला. मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, तुम्हीही कधी विचारलं नाहीत.

तर या थंडीत मी आपल्या कॉलेजात गेले, सुट्टी कशी चालली आहे ते बघायला. आवारात चिटपाखरू नव्हतं. प्राचार्य खुशीत होते. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले, वाफ्यात बसलेल्या मुली, खांद्यावर फावडं घेतलेली मुलं, सगळे कॅमेऱ्याकडे बघून हसणारे. मी म्हटलं, एखाद्या शेतावर जाऊ. ते मला जवळच्याच एका गावात घेऊन गेले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी, वर्गात पहिली येणारी. रोजाच्या बायकांच्या रांगेत ती बसली होती, डोक्याला रुमाल, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताचा अंगठा चिखलात. हात इतका सराईत चालला होता की मला माझाच हात आठवला. वडील बांधावरून लगबगीने आले.

‘मॅडम, लय भारी काम केलं तुम्ही,’ ते म्हणाले. ‘आधी ही रोज कॉलेजचं सांगायची. आता कॉलेजच म्हणतंय काम कर. एक बाई कमी लावली मी यंदा.’

तिचा भाऊही त्याच कॉलेजात, एक वर्ष मागे. तो बाभळीखाली मोटारसायकलवर बसून कानात वायर घालून काहीतरी बघत होता. त्याच्या कामाचं काय म्हणून मी विचारलं, तर वडील म्हणाले, ‘त्याच्याकडं देखरेख हाय.’ त्याच्याही कागदावर सही झालेली होती. दोघांना सारखेच क्रेडिट मिळणार होते.

मी पाणी प्यायला विहिरीच्या मोटारीपाशी गेले तेव्हा ती हात धुवायला आली. नखं एकेक करून घासत होती.

‘मॅडम, एक विचारू? राग नका मानू.’

‘विचार की.’

‘ही सुट्टी कोणी मागितली होती?’

मी म्हटलं, ‘तुमच्याच सोयीसाठी केली. नाहीतर तुम्ही गैरहजर राहता, नुकसान होतं.’

‘मी नव्हते राहत. मागच्या वर्षी मी एक तास चुकवला नाय. घरी हजेरीचं सांगायचे. भाऊ राहायचा घरी, पण त्याला कामाला कोण लावतं? तो झोपायचा.’ तिने हात ओढणीला पुसले. ‘आता काय सांगू? तुम्हीच सांगा.’

प्राचार्य गाडीशी वाट बघत होते. परतताना मी स्वतःला समजावलं की ही एक मुलगी झाली, एका मुलीवरून धोरण ठरत नाही, सर्वेक्षण झालं की चित्र कळेल. आपल्या क्षेत्रात अशी वाक्यं तयारच असतात. ती मनात म्हणताना मला बरं वाटत नव्हतं, पण मी म्हटली.

कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा मी मुद्दाम फोन करून तिची चौकशी केली. मुलगे आले होते, मुली कमी आल्या होत्या, ती आली नव्हती. मी तिच्या घरी जायचं ठरवलं. तासिकेवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणारी एक तरुण प्राध्यापिका माझ्याबरोबर आली. घर नीटनेटकं, पुढे कांदा साठवायची चाळ, दारात तुळस. वडिलांनी मोठ्या आदराने बसवलं. मुलीचं लग्न ठरलं होतं.

‘स्थळ चांगलं हाय, मॅडम. नांदगावकडचं. पोरगा कंपनीत हाय. घरीच होती ना ही या दिवसांत, मंग पाहुणे म्हटले येऊन जातो. पसंत पडली. एरवी कॉलेजात असायची, कोणाला दाखवायचं म्हटलं तरी सवड नसायची तिला.’

‘लग्न ठरलं तर ठरलं,’ मी म्हटलं. ‘पण तोपर्यंत तिला कॉलेजला पाठवा. हुशार मुलगी आहे. वर्ष वाया घालवू नका.’

‘वाया कशाला जाईल? परीक्षेला पाठवतो की. आता हजेरीचं काय नाय ना राहिलं? सरांनीच सांगितलं पालकांच्या मीटिंगला, घरचं काम धरलं जातं म्हणून. मी सही करून देतो.’

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरोखरच वाटत होतं की ते विद्यापीठाच्या मनासारखं वागत आहेत, आणि तसं ते वागतही होते. माझ्या तोंडाशी तेच आलं जे तुम्ही नानांना म्हणाला होतात. ‘वरचा नियम आहे.’ पण वर मी होते, आणि तो नियम मीच काढून टाकला होता. मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. माझ्यापुढे वाकली तेव्हा तिने एकदाच वर बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला सोसलं असतं. ओळखीच्या माणसाकडे बघावं इतकंच ते होतं. निघताना वडिलांनी गाडीत पेरूची पिशवी ठेवली.

रस्त्यात ती तरुण प्राध्यापिका म्हणाली, ‘मॅडम, आम्ही मुलींना शिकवून ठेवायचो. घरी ओढायला लागले की हजेरीचं नाव घ्यायचं. आमच्याकडे दुसरं काय असतं? वडिलांना समजावण्याइतका आमचा दरारा नाही. नियमाचा होता.’

‘मग हे समितीला का नाही कळवलंत?’

‘आमचं मत मागवलं होतं, मॅडम. नियम पाळण्यात काय अडचण येते, असं विचारलं होतं. नियमाचा काय उपयोग होतो, असं नव्हतं विचारलं.’

तालुक्याला पोचल्यावर मी तुमच्या काळातल्या हेडक्लार्कना भेटून यावं म्हटलं. रिटायर होऊन किती वर्षं झाली, पण आवाज तोच. कॉलेजचे विषय निघाले तेव्हा मी विचारलं, ‘आपल्याकडे हजेरीपायी किती मुलींची परीक्षा बुडाली असेल हो?’

‘बुडाली? कुणाचीच नाही,’ ते म्हणाले. ‘हमीपत्र लिहून घ्यायचो आणि सोडून द्यायचो. तुमच्या त्या अर्थशास्त्राच्या मॅडम तर स्वतः यायच्या ऑफिसात. अमकीची कमी पडतेय, काहीतरी करा, म्हणून डोकं खायच्या. वर्गात मात्र वाघीण.’

ते हसत होते. मला हसू आलं नाही. तुम्ही खाटेवर बसून नानांना जे सांगितलंत ते खोटं होतं. माझ्या हातात असतं तर मी सोडलं असतं, असं म्हणालात, आणि सोडणं तर तुमच्याच हातात होतं. वर्गात सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडलात, तेही गावभर जावं म्हणून असेल, आणि ते तसं गेलंही. मला ज्या नियमाचा जाच वाटत होता तो तुम्ही माझ्यासाठी दार लावून घ्यावं तसा वापरत होतात. मी आत होते आणि मला वाटत होतं की मला कोंडलं आहे.

पण मॅडम, इथे माझी सुटका होत नाही. सुरगाण्याकडचा एक मुलगा समितीपुढे आला होता. लाजत, खुर्चीच्या कडेला बसून तो म्हणाला होता, ‘छाटणीला आईबापूस बागंवर येतात, मंग मी पण येतो. नाय आलो तं घर नाय चालत. हजेरीपायी माझा फॉर्म अडवला.’ त्याच्या कॉलेजात डोकं खायला ऑफिसात जाणारं कुणी नव्हतं. त्याला ती सुट्टी खरोखर हवी आहे, आणि मिळायला हवी. ठराव लिहिताना मी त्याचाच चेहरा समोर ठेवला होता. या मुलीचा चेहरा माझ्यासमोर नव्हता. मी प्रदेश म्हणत होते आणि मला एकच घर दिसत होतं. एका छपराखालीसुद्धा सुट्टी भावाला एक असते आणि बहिणीला दुसरी, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

ठराव जिल्ह्यातल्या सगळ्या कॉलेजांसाठी विद्यापरिषदेपुढे आला तेव्हा मी त्या मुलीचं सांगितलं, नाव न घेता. बागायतदार शांतपणे म्हणाले, ‘मॅडम, एका मुलीसाठी सगळा जिल्हा थांबवायचा का?’

‘एक मला भेटली,’ मी म्हटलं. ‘बाकीच्या कुठे आहेत ते अजून कुणी बघितलेलं नाही.’

मी सुचवलं की कॉलेज वर्षभर उघडं राहावं. ज्याला हंगामात जायचं आहे त्या विद्यार्थ्याने स्वतः सुट्टी मागावी, पालकांची सही नको, आणि जो मागणार नाही त्याला हजेरीची अट पहिल्यासारखी असावी. त्यावर तेच गृहस्थ म्हणाले, ‘मग बाप तिच्याच हातून अर्ज लिहून घेईल. त्याचं काय?’ त्यांचं बरोबर होतं. उत्तर तुमच्याजवळ होतं, पण ते तुमचं एकटीचं होतं. कुणाच्या घरी जायचं, कुणावर ओरडायचं, कुणासाठी ऑफिसात जाऊन भांडायचं, हे तुम्ही माणूस बघून ठरवत होतात. समितीला ते ठरावात लिहिता येत नाही. अमुक मुलीच्या वडिलांशी प्राध्यापकांनी खोटं बोलावं, असा नियम कुठलं विद्यापीठ करील? आणि तुमच्यासारखी माणसं नेमायची तर जागा भरायला हव्यात. आता निम्मे लोक तासिकेवर आहेत. त्यांनी कुणाच्या ओट्यावर जाऊन बसावं, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?

ठराव फेरविचाराला गेला. समिती पुन्हा बसेल. या वेळी मी मुलींना बोलवणार आहे, वडिलांशिवाय, आणि कॉलेजातल्या त्या तरुण बाईला टेबलाशी बसवणार आहे, मागच्या खुर्चीवर नाही. सुरगाण्याच्या त्या मुलाचा फोन आला होता, ‘मॅडम, आमचं काय झालं?’ मी म्हटलं, चालू आहे. तो म्हणाला बरं. त्या मुलीचं लग्न झालं. मी गेले नाही. तिकडच्या कॉलेजशी बोलून तिच्या बदलीची सोय करून ठेवली आहे, तिलाही कळवलं. ती म्हणाली, ‘बघते मॅडम, इथलं अजून मला काय माहीत नाय.’ अजून ती गेलेली नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून एक गोष्ट लिहिता येते. तुम्ही असतात तर कधी बोलले नसते. तुम्ही बरोबर होतात, हे मी आता तुमचं नाव न घेता सगळ्यांना सांगत फिरते. पण त्या थंडीत सकाळी मी एसटीला निघायचे तेव्हा आई रांगेत बसलेली असायची, दवाने ओली, आणि तिच्या शेजारची माझी जागा रिकामी असायची. घरात आईला बोलायला कधी सवड नव्हती. वाफ्यात मात्र असायची. हात चालू आणि तोंडही चालू, तिच्या माहेरचं, तिच्या लहानपणचं, कुणाकुणाचं. मी होस्टेलला गेले आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली. मॅडम, मला त्या दिवसांत कॉलेजला यायचं नव्हतं. मला तिच्याजवळ बसायचं होतं. त्यासाठी माझा तुमच्यावर अजून थोडा राग आहे.